भाविकाचे दुःख आणि धर्माची पारख

गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला आमच्या वर्गात एक प्रश्न निघाला. तास संपला, पण तो प्रश्न काही संपला नाही. सर धर्माचे प्रयोजन समजावून सांगत होते. धर्म माणसाला शांती देतो, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मित्र उठून म्हणाला, "सर, तसे असते तर देवळातून बाहेर पडणारी माणसे आत शिरणाऱ्या माणसांपेक्षा वेगळी दिसली असती. आमच्या घरात सर्वांत जास्त देवदेव करणारे माणूसच सर्वांत जास्त कष्टी आहे." वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, उत्तर तुम्हीच शोधा."

मला मात्र हसू आले नाही. ते वाक्य जणू माझ्याच घरातून उचलून कोणी वर्गात आणले होते.

माझे घर शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहान गावी आहे. कोरडवाहू जमीन आणि कापसाचे पीक. घरात आजी. आजीचे सोमवार, एकादशा, चतुर्थ्या, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, यांतले काहीही कधी चुकले नाही. आणि आजीचे रडणेही कधी चुकले नाही. माझे धाकटे काका विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, तेव्हा मी तिसरीत होतो. तेव्हापासून देवापुढे दिवा लावताना आजीचे डोळे पाणावतात. ती देवाला नमस्कार करते आणि त्याच दमात त्याला बोलही लावते. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून हे ऐकत आणि हलक्या आवाजात म्हणत, "एवढे देवदेव करून हिला काय मिळाले?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की बाराव्या-तेराव्या वर्षीच माझा सिद्धांत पक्का झाला : धर्म म्हणजे दुःखी माणसांनी करावयाची गोष्ट, आणि ती करूनही दुःख जात नाही. मग मी देवापुढे हात जोडणे सोडून दिले. त्यासाठी मी कोणताही ग्रंथ वाचला नव्हता. मी फक्त आजीचा चेहरा वाचला होता.

येथेच या विषयाची पहिली गोष्ट हाती लागते. आपण धर्माची पारख सहसा त्याच्या ग्रंथांवरून करीत नाही, भाविकांच्या चेहऱ्यांवरून करतो. उपनिषदे, कुराण किंवा बायबल वाचून धर्म स्वीकारणारे वा सोडणारे लोक थोडे. घरातली आई, शेजारचे मौलवीसाहेब, शाळेतले एखादे भाविक गुरुजी यांच्याकडे पाहून आपले मत बनलेले असते. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने ख्रिस्ती धर्मोपदेशकांवर हाच टोमणा मारला होता. ज्यांचा उद्धार झाला असे सांगितले जाते, त्यांचे चेहरे उद्धार झाल्यासारखे दिसत नाहीत, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे हीच रीत एका म्हणीत सांगितली आहे : शितावरून भाताची परीक्षा.

ही रीत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. धर्म जर जगण्याची रीत असेल, तर ती जगणाऱ्यांकडे पाहूनच तिची परीक्षा व्हावी हे न्यायाचे आहे. परंतु शितावरून भाताची परीक्षा का होऊ शकते? पातेल्यातली सगळी शिते एकाच वेळी, एकाच आचेवर चढलेली असतात म्हणून. माणसांचे तसे नसते. कोणी धर्माकडे सुखातून येतो, कोणी सवयीने येतो, तर कोणी सर्वस्व गमावून येतो. ते कोठून आले हे न पाहता त्यांचा आजचा चेहरा तेवढा पाहिला, तर परीक्षा चुकते.

एक साधे उदाहरण घेऊ. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली माणसे बाजारात हिंडणाऱ्या माणसांपेक्षा जास्त आजारी दिसतात. म्हणून हॉस्पिटलामुळे माणसे आजारी पडतात, असे कोणी म्हणत नाही. देवळाच्या बाबतीत मात्र आपण नेमके असेच म्हणून मोकळे होतो. आपल्या परंपरेला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. या यादीत पहिले नाव आर्ताचे, म्हणजे पीडिताचे आहे. ज्ञानी भक्त अखेरीस येतो. देवाच्या दारातल्या गर्दीत रडणारे अधिक असणार, हे येथे गृहीतच धरलेले आहे.

अलीकडे या विषयाच्या पाहण्याही झाल्या आहेत. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतील नियमाने धर्माचरण करणाऱ्यांपैकी ३६ टक्के लोकांनी आपण फार सुखी आहोत असे सांगितले. धर्माचरण न करणाऱ्यांत किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्यांत हेच प्रमाण २५ टक्के होते. सर्वच देशांत असा फरक आढळला नाही, हेही त्याच अहवालात आहे. या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. ते खरे धरले तरी शंभरांतले चौसष्ट भाविक स्वतःला फार सुखी म्हणवीत नाहीत, हेही तितकेच खरे. शिवाय सुखामागे धर्म असतो की धर्मामागे सुख, की दोहोंच्या मागे शेजार, सोबत व आपलेपणा असतो, हे आकडे सांगत नाहीत. म्हणून माझ्या मित्राचा प्रश्न आकड्यांनी सुटणारा नाही. तो माणसांकडे पाहूनच सोडवावा लागेल. सुदैवाने अशी माणसे आपल्या खानदेशात होऊन गेली आहेत.

१९३२ साल. धुळ्याचा तुरुंग. सत्याग्रहात पकडलेल्या राजबंद्यांना विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. २१ फेब्रुवारीला पहिल्या अध्यायाने प्रारंभ झाला आणि १९ जूनला अठरावा अध्याय पूर्ण झाला. ती प्रवचने लिहून घेतली साने गुरुजींनी. आज भारतातल्या अनेक भाषांत वाचली जाणारी 'गीता प्रवचने' ती हीच. धुळ्याजवळचे गाव असूनही ही हकीकत मला कॉलेजात आल्यावर कळली, याची मला लाज वाटते. पण माझे मन अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. त्या कोठडीत सांगणारा आणि लिहिणारा, दोघेही श्रद्धावान. दोघांची निष्ठा एकच. पण स्वभाव किती निराळे! विनोबा शांत, मोजके बोलणारे, गणित आवडणारे. साने गुरुजी अत्यंत हळवे. दुसऱ्याचे दुःख दिसताच ज्यांचे डोळे भरून येत असे. एखाद्या परक्या माणसाने त्या रविवारी खिडकीतून डोकावून केवळ या दोन चेहऱ्यांवरून गीतेची पारख करायची ठरवली असती, तर त्याने काय ठरवले असते? एका चेहऱ्यावरून गीता शांती देते, आणि दुसऱ्यावरून ती रडवते!

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने या दोन स्वभावांची फोड फार चांगली केली आहे. एडिंबरो येथे दिलेली त्याची व्याख्याने १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात तो निरोगी मनाचे श्रद्धावान आणि व्यथित आत्म्याचे श्रद्धावान असे दोन प्रकार सांगतो. पहिल्यांना जग मुळातच चांगले दिसते. दुसऱ्यांना जगातले दुःख व अपुरेपण आधी दिसते, आणि त्या अंधारातून चाचपडतच ते श्रद्धेपर्यंत पोचतात. जेम्सने दुसऱ्या प्रकाराला हिणकस मानले नाही. उलट दुःखाची बाजूही जमेस धरणारी दृष्टी अधिक व्यापक आहे, असे त्याचे मत. विनोबांनी पहिल्या रविवारी ज्यावर प्रवचन केले त्या अध्यायाचे नावही येथे आठवावे : अर्जुनविषादयोग. म्हणजे गीतेचा आरंभच एका भाविकाच्या रडण्याने होतो आणि त्या विषादालाही 'योग' म्हटले जाते. अर्जुन प्रसन्न असता तर गीता सांगण्याचे काही कारणच नव्हते.

साने गुरुजींविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. कारण या प्रश्नाची खरी कसोटी तेथे लागते. पालगडचा हा तरुण अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आला, पुढे तेथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, वसतिगृहातल्या मुलांची आई झाला, आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात शिरला. त्यांच्या लेखनात अश्रू फार, अशी टीका अनेकांनी केली आहे. ती अगदीच खोटी नाही. परंतु त्या अश्रूंनी काय केले तेही पाहिले पाहिजे. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना बंद आहे, याचे दुःख त्यांना झाले. त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले. दार उघडले. भाविकाचे हे दुःख धर्माला खाली आणणारे होते की वर नेणारे? देवळात सुखाने घंटा वाजविणाऱ्या हजारो प्रसन्न भाविकांनी जे केले नाही, ते एका दुःखी भाविकाने केले.

पुढे ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला, हेही लपवून चालणार नाही. कित्येकांनी तेव्हा आणि नंतरही विचारले असेल, की मग या माणसाची श्रद्धा गेली कोठे? मला यावर मोठे भाष्य करण्याचा अधिकार नाही. त्या शेवटाचे समर्थन किंवा कौतुक कोणी करू नये. एवढे दुःख माणसाने एकट्याने वाहू नये, ते कोणाजवळ तरी बोलावे, आणि ऐकणाऱ्यांनीही वेळीच ऐकावे, एवढाच धडा मी त्यातून घेतो. पण त्या एका दिवसावरून त्यांच्या श्रद्धेचा निवाडा करणे हे एका पानावरून ग्रंथाचा निवाडा करण्यासारखे आहे. धर्म म्हणजे जगाला प्रेम देणे, हा त्यांच्या प्रार्थनेचा आशय आजही शाळाशाळांतून मुलांच्या तोंडी आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. दुःख हा श्रद्धेविरुद्धचा पुरावा नव्हे, हे मान्य केले, तरी सर्वच दुःख सारखे नसते. भाविकाचे दुःख पाहून कधी आपण त्याच्या धर्माजवळ ओढले जातो, तर कधी त्याच धर्मापासून चार हात दूर पळतो. असे का व्हावे?

याचे उत्तर मला मुक्ताईनगरच्या वाटेवर सापडले असे म्हणतो. जळगाव जिल्ह्यातले हे गाव पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखले जाई. जवळच तापीच्या काठी मेहूण येथे मुक्ताबाई कडाडत्या विजेत अंतर्धान पावल्या, असे परंपरा सांगते. त्यांची पालखी आषाढीला दूर पंढरपूरपर्यंत पायी जाते. याच मुक्ताबाईची ताटीच्या अभंगांची कथा सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी केलेल्या अपमानाने ज्ञानेश्वर उद्विग्न झाले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण दाराशी आली आणि दार उघडण्यासाठी विनवू लागली.

या कथेत मुक्ताबाई काय सांगते, याकडे नीट लक्ष द्यावे. तुला दुःख होताच कामा नये, असे ती म्हणत नाही. अपमान झाला हे तिलाही ठाऊक आहे. तोच अपमान तिचाही झालेला होता. तिचा आग्रह एवढाच, की दार लावू नकोस. संत म्हणवणाऱ्याने लोकांच्या रागाला रागाने उत्तर देऊ नये, आणि आपल्या दुःखाने जगाकडे पाठ फिरवू नये. ज्याच्याकडे लोक धर्म म्हणून पाहतात, त्याने ताटी लावली तर लोकांपुरते धर्माचेच दार लागते. माझ्या मते या विषयावर इतके नेमके बोलणारी दुसरी कथा मराठीत नाही. दुःख आणि बंद दार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली माणसाला चुकत नाही. दुसरी चुकवता येते.

आपल्या संतांनी दुःख कधी लपविले नाही. १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी केलेले भांडण जागोजाग आढळते. बलाची व प्रयत्नाची शिकवण देणारे समर्थ रामदास आपल्याला कणखर वाटतात. पण करुणाष्टके त्यांचीच आहेत, आणि तेथे ते तळमळून बोलतात. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी मोठ्या कष्टाने जमविलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते आहेत. मी ती पाहिली तेव्हा मनात आले, की 'करुणाष्टके' आणि 'दासबोध' एकाच माणसाचे, हे लक्षात ठेवले तर धर्माविषयीचे आपले कितीतरी गैरसमज कमी होतील.

आणि आपल्या घरचे उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. १८८० साली असोद्यात जन्मलेली, जळगावात दिलेली, लिहिता-वाचता न येणारी ही शेतकरी स्त्री ऐन तारुण्यात विधवा झाली. पदरी मुले, घरात वाटण्यांचे तंटे, शेतात कष्ट. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी, मुलगा सोपानदेव यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. वैधव्याचे दुःख त्यांच्या गाण्यांत स्पष्ट आहे. पण त्या दुःखाने त्यांनी कोणाला भ्याडपणा शिकविला नाही. भविष्य सांगणाऱ्या जोतिष्याला त्या दारात येऊ नको म्हणून सांगतात. मातीतून उगवणाऱ्या अंकुरात त्यांना देव दिसतो. धर्म न मानणारा माणूसही बहिणाबाईंच्या देवाविषयी वाईट बोलत नाही. का? त्यांचे दुःख कोणाच्या अंगावर धावून येत नाही, म्हणून.

याच्या अगदी उलट चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. त्यांच्या वडिलांचे सोवळे प्रसिद्ध आहे. १८५७च्या धामधुमीत घरातल्या एका जवळच्या वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की घरातल्या बायका-मुलांचे जिणे धुण्या-पुसण्यात आणि धाकात गेले. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, हा त्यांचा मोठेपणा. पण विचार करा : शेजाऱ्यांना त्या घरातला धर्म कसा दिसला असेल? मुळात तेथे होती एका माणसाची भीती आणि दुःख. त्याने धर्माचे वस्त्र पांघरले आणि ते इतरांवर हुकमत गाजवू लागले. दुःखाचा असा धर्म झाला, की बघणाऱ्याला दुःख दिसत नाही, नुसता धर्म दिसतो. आणि तो त्याला नकोसा होतो.

हे लिहिताना मला माझ्या काकूची आठवण टाळता येत नाही. काका गेल्यावर आजीने स्वतःला जितके कोरडे करून घेतले तितकेच काकूलाही केले. हळदीकुंकवाला तिने जायचे नाही, शुभकार्यात पुढे व्हायचे नाही, तिच्याच पायगुणाने असे झाले, हे बोलणे काही वर्षे आमच्या घरात चालू होते. आजीच्या तोंडी तेव्हा देवाचे नाव होते, पण आत मुलगा गेल्याचा आकांत होता. काकूने त्यानंतर देवघरात पाऊल टाकले नाही. तिला कोणी नास्तिक म्हणते, कोणी हेकट म्हणते. मी म्हणतो, तिच्यापुरते देवाचे दार आजीने लावले. आप्पांच्या तक्रारीत खरे काही असेल तर ते इतकेच आहे. आजी रडली, हा धर्माचा कमीपणा नव्हे. आजीने आपले रडणे काकूच्या माथी शिक्षा म्हणून मारले, हा कमीपणा होता.

मग भाविकाने नेहमी हसतमुख असावे का? धर्माची बदनामी होऊ नये म्हणून दुःख गिळून टाकावे का? हा मला दुसऱ्या बाजूचा खड्डा वाटतो. हल्ली अध्यात्माच्या नावाने जी पोस्टरे लागतात त्यांवर सगळे हसत असतात. दुःखी माणसाला त्या हसण्याची भीती वाटते. आपले चुकले म्हणूनच आपण दुःखी, असे त्याला वाटू लागते. मदर तेरेसा १९९७ साली वारल्या. त्यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले. सदैव हसतमुख दिसणाऱ्या या बाईंनी कित्येक वर्षे अंतरी देवाचा स्पर्श न जाणवण्याचा अंधार सोसला होता. काही लोक म्हणाले, पाहा, धर्म पोकळ आहे. इतर काहींना त्या पूर्वीपेक्षा जवळच्या वाटल्या, कारण तसल्या अंधारातही त्यांनी रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाचा हात सोडला नव्हता. मी दुसऱ्या पक्षात आहे. मात्र तो अंधार त्यांच्या हयातीत लोकांना कळता, तर किती दुःखी भाविकांना धीर आला असता, असेही वाटते.

जळगावाहून अजिंठा जेमतेम साठ किलोमीटर. आपल्या सहली तेथे नेहमी जातात. सव्विसाव्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. वर आडवा पहुडलेला बुद्ध, चेहऱ्यावर अपार शांती. आणि खाली शोक करणारे शिष्य. मी पूर्वी ते शिल्प पाहिले तेव्हा फक्त बुद्धाकडे पाहिले होते. या वर्षी खालच्या माणसांकडे पाहिले. दुःखाच्या निरोधाचा मार्ग सांगणाऱ्या धर्माच्या कारागिरांना शिष्यांचे दुःख वगळून टाकणे सहज शक्य होते. त्यांनी ते दगडात कोरून ठेवले. आपल्या धर्माची त्यामुळे अब्रू जाईल असे त्यांना वाटले नाही.

शेवटी पुन्हा घराकडे वळतो. यंदा आखाजीला मी गावी गेलो होतो. आपल्या खानदेशात आखाजीचे महत्त्व काय, हे सांगायला नको. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडांना झोके टांगलेले, गल्लीत गाणी. आणि त्याच दिवशी घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरलेली. एकाच अंगणात झोका आणि घागर! आजीने काकांच्या नावाची घागर भरली, नैवेद्य दाखविला आणि नेहमीप्रमाणे डोळ्यांना पदर लावला. वर्गातला प्रश्न माझ्या मनात होताच. मी जवळ बसून विचारले, "आजी, इतकी वर्षे देवाचे करतेस, मग अजून रडतेस का?"

आजीने माझ्याकडे असे पाहिले, की प्रश्नच तिला कळला नसावा. मग म्हणाली, "मंग रडानं कोनापुढे, भाऊ?" थोडा वेळ गेला. ओसरीवर आप्पा बसले होते. तिकडे पाहून ती हळूच म्हणाली, "तुना बाप ते कोठेच रडना नही."

त्या दोन वाक्यांनी माझा लहानपणचा सिद्धांत मोडला. आजी देवामुळे रडत नव्हती, देवापुढे रडत होती. दुःख जेथे बोलून दाखविले जाते, तेच त्याचे उगमस्थान आहे, असे मी समजून बसलो होतो. काकांच्या जाण्याचे दुःख आजीला होते तसे आप्पांनाही होते. तो त्यांच्या पाठचा भाऊ होता. आजीला रडायला एक कोनाडा होता. आप्पांजवळ तो नव्हता. म्हणून ते ओसरीवर बसून आजीच्या देवाला दूषणे देत राहिले. तीही त्यांची रडण्याचीच एक तऱ्हा होती, असे आता मला वाटते. याचा अर्थ आप्पांनी देव मानावा असा नव्हे. देवाशिवायही माणसाला रडता येते, फक्त कोणीतरी ऐकणारे लागते. त्या दिवशी मी बराच वेळ त्यांच्याजवळ बसलो. आम्ही कापसाच्या भावावर बोललो, काकांवर एकदाच बोललो. पण बोललो.

काकूविषयी मी आजीला बोललो नाही असे नाही. "तिच्याकडून तू देव काढून घेतलास," एवढे म्हणालो. आजी गप्प राहिली. संध्याकाळी तिने काकूला हाक मारून आखाजीची घागर उचलायला बोलावले. काकू आली की नाही हे येथे सांगत नाही. तो तिचा प्रश्न आहे, आणि इतक्या वर्षांचा हिशेब एका हाकेने मिटावा असा आग्रह मला धरता येणार नाही.

तर मागच्या बाकावरच्या माझ्या मित्राला माझे उत्तर असे. देवळातून बाहेर पडणारा माणूस दुःखी दिसला, तर त्यावरून देवळाविषयी घाईने काही ठरवू नये. तो आत जाताना किती ओझे घेऊन गेला होता ते आपण पाहिलेले नसते. तो हसतमुख दिसला, तरीही घाई करू नये. पाहायचे असेल तर एवढे पाहावे, की घरी गेल्यावर त्या दुःखाचे तो काय करतो. त्याच्या दुःखामुळे दुसऱ्याचे दुःख त्याला अधिक कळू लागले का, की तेच दुःख तो दुसऱ्यांच्या अंगावर टाकतो? आणि आपण जे भाविक आहोत, किंवा भाविकांच्या घरात वाढलो आहोत, त्यांनी दुःख लपवू नये. पण ताटीही लावू नये.

सरांनी उत्तर शोधायला सांगितले होते. हे पूर्ण उत्तर आहे असा माझा दावा नाही. माझे देवापुढे हात जोडणे पुन्हा सुरू झाले का, असे कोणी विचारील. अजून नाही. मात्र आजी दिवा लावते तेव्हा मी आता ओसरीवर जात नाही, तिच्याजवळ बसतो.